चिचुंद्रीचे विशेषण

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायचे काम मी दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलीत आलो आहे. गेल्या दिवाळीत मात्र सौ.ने ऐकले नाही. चकलीची भाजणी दळून आणायची किंवा ट्रंक उपसायची, अशी दोन कामे तिने माझ्यापुढे ठेवली, आणि गिरणीवरची रांग आठवून मी ट्रंक पत्करली. भाजणी दळून आणली असती तर हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

ट्रंकेत माझ्या दोन अप्रकाशित कादंबऱ्या होत्या, एका प्रकाशित कादंबरीच्या न खपलेल्या चाळीस प्रती होत्या (त्यांच्याकडे पाहून सौ. काही बोलली नाही, हे तिचे उपकार), आणि एक दोनशे पानी वही होती. त्या वहीत मी पत्रांचे कच्चे मसुदे लिहीत असे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हल्लीच्या भाषेत सांगायचे तर दहावी पास. पुढे एका विनाअनुदानित शाळेत खालच्या वर्गांना शिकवण्याची नोकरी लागली आणि तिथेच मी आजवर टिकून आहे. मराठी लिहिताना माझा हात अडत नाही. इंग्रजी लिहायची वेळ आली की मात्र आधी पेन्सिलीने मसुदा, मग खिशातला शब्दकोश, मग खाडाखोड, आणि शेवटी शाईची प्रत असा सारा सोपस्कार करावा लागतो. तरीही ‘गुरुजींना इंग्रजी येतं’ अशी गावात माझी ख्याती होती, आणि ती मी कधी खोडून काढली नाही.

वही चाळता चाळता एका पानावर मी थांबलो. तारीख २०११ सालच्या जूनमधली होती. एका मुलासाठी लिहिलेले ते शिफारसपत्र होते. सदर मुलगा आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी आहे, कष्टाळू आहे, हिशेबात पक्का आहे, आणि – ‘ही इज अ व्हेरी श्रूड बॉय.’

‘श्रूड’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने दुहेरी रेघ ओढली होती. हवा तो शब्द सापडल्याचा माझा आनंद त्या रेघेत चौदा वर्षांनंतरही जसाच्या तसा दिसत होता.

मला त्या वेळी आपल्या ‘चाणाक्ष’ला इंग्रजी शब्द हवा होता. ‘इंटेलिजंट’ म्हटले की परीक्षेत पहिला येणारा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो. हा तसा नव्हता. ‘क्लेव्हर’ तर सर्वांच्याच पत्रात असतो. माझ्या खिशातल्या कोशात ‘श्रूड’पुढे तीन शब्द दिले होते : चाणाक्ष, चतुर, धूर्त. पहिले दोन वाचून मी कोश मिटला. तिसरा वाचलाच नाही असे मी म्हणणार नाही. वाचला; पण तो तिसरा होता.

आता हा मुलगा चाणाक्ष कसा, ते सांगायला हवे. त्याची आई आठवडी बाजारात लिंबे आणि हिरव्या मिरच्या घेऊन बसे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की हा दप्तरासकट तिच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसायचा. तो सातवीत असतानाची गोष्ट. मी लिंबांचा भाव विचारला.

“धाला पाच,” मावशी म्हणाली.

मी सवयीप्रमाणे घासाघीस सुरू करणार, तोच हा म्हणाला, “आये, गुरुजी हायेत. त्यांना सहा दे.” आणि त्याने स्वतःच भराभर मोजून माझ्या पिशवीत घातली.

मी खूश झालो. घरी आल्यावर सौ.ने पिशवी उलटी केली तेव्हा आवळ्याएवढी सहा लिंबे ताटात घरंगळली. पोत्यावर दोन ढीग होते, आणि पोराचा हात त्यांतल्या कोणत्या ढिगाकडे गेला हे मी पाहिलेच नव्हते. ‘गुरुजी हायेत’ हे शब्द ऐकण्यात मी गुंग झालो होतो.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. पुढे वर्षभर मी त्याला वर्गात ‘काय लिंबूशेठ!’ अशी हाक मारीत असे. तोही हसे. निदान मला तसे वाटे.

बारावीनंतर त्याला गावातल्या एका पतपेढीत रोखपालाच्या हाताखाली जागा मिळण्यासारखी होती. तिथले व्यवस्थापक शहरातल्या बँकेतून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ. कागद इंग्रजीत असला की तो अधिक खरा असतो, अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत गावात साऱ्यांना ठाऊक होती. म्हणून तर मावशी माझ्याकडे आली. “गुरुजी, विंग्रजीत चार अक्षरं लिवून द्या. तुमच्या अक्षरानं पोराचं कल्याण हुईल,” असे ती म्हणाली होती.

मुलाला ती जागा मिळाली नाही. अशा जागा पुष्कळांना मिळत नाहीत, म्हणून मीही फारसा विचार केला नाही. पंधरा दिवसांनी ते व्यवस्थापक मला एस.टी. स्टँडवर भेटले.

“गुरुजी, बरं झालं तुम्ही आडून का होईना, सावध केलंत,” ते म्हणाले. “पोरगा बोलायला फार गोड होता हो. मी जवळजवळ घेतलाच होता. पण रोकड हाताळायची तिथे श्रूड माणूस काय कामाचा? तिथे सरळमार्गी हवा.”

मी “हो, हो,” असे म्हणालो. एवढेच म्हणालो.

वास्तविक त्या क्षणी मला दोन वाक्ये बोलायची होती. ‘साहेब, मला तसे म्हणायचे नव्हते,’ हे पहिले. ‘माझा शब्द चुकला,’ हे दुसरे. पहिले वाक्य सोपे होते. पण ते बोलले की पाठोपाठ दुसरे बोलावे लागले असते. एस.टी.ची वाट पाहणारे दहा जण भोवती उभे होते, आणि त्यांतल्या निम्म्यांची मुले माझ्या हाताखाली शिकत होती. माझ्या इंग्रजीची अब्रू वाचली. गाडी आली, ते गृहस्थ चढले, आणि मी त्यांना हात हालवून निरोप दिला.

त्यानंतर काही दिवसांनी मी तालुक्याच्या वाचनालयात गेलो आणि तिथला जाडजूड इंग्रजी कोश मागून घेतला. आधीच गेलो असतो तर, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण माणूस मोठा कोश चुकल्यानंतरच उघडतो.

या ‘श्रूड’ शब्दाची कुळकथा मोठी चमत्कारिक निघाली. इंग्रजीत ‘श्रू’ म्हणजे चिचुंद्री. आपल्या घरात रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करीत पळते तिचीच विलायती बहीण. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती उंदराच्या जातीची नव्हे. ती किडे, झुरळे खाऊन राहते, म्हणजे खरे तर घरावर उपकारच करते. परंतु इंग्लंडातल्या शेतकऱ्यांचा शतकानुशतके असा समज होता की ती विषारी असते, आणि गाई-घोड्यांच्या अंगावरून नुसती पळाली तरी जनावर लुळे पडते. त्यावरचा उतारा ऐकून अंगावर काटा येईल. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या खोडाला भोक पाडायचे, त्यात जिवंत चिचुंद्री कोंबायची, आणि भोक बुजवून टाकायचे. मग त्या झाडाची डहाळी दुखऱ्या जनावराच्या अंगावरून फिरवायची. सेलबोर्न गावाचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात गावातल्या अशा झाडाची हकीकत लिहून ठेवली आहे. यातली मौज अशी की, चिचुंद्रीच्या काही जातींच्या लाळेत खरोखरच विष असते, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या विषाने किडे आणि बेडूक लुळे पडतात; गाय मात्र पडत नाही.

तर या बिचाऱ्या प्राण्याच्या नावावरून दुष्ट, खाष्ट माणसाला ‘श्रू’ म्हणू लागले असावेत, असे समजतात. आणि ‘श्रू’वरून झाले ‘श्रूड’. सातशे वर्षांपूर्वी एखाद्याला ‘श्रूड’ म्हटले तर त्याचा अर्थ सरळसरळ दुष्ट, घातकी असा होई. शेक्सपिअरच्या काळीदेखील शब्दाची नांगी गेलेली नव्हती. पुढे हळूहळू दुष्टाचा कावेबाज झाला, कावेबाजाचा धोरणी झाला, आणि आज इंग्रज माणूस एखाद्या व्यापाऱ्याला ‘श्रूड’ म्हणतो तेव्हा तो त्याची वाखाणणीच करीत असतो. माणसांची पारख अचूक असली, अंदाज बिनचूक ठरला, पैसा योग्य वेळी योग्य ठिकाणी गुंतवला, की हे विशेषण लावतात. गणिताचे अवघड कोडे सोडवणाऱ्याला ते लावीत नाहीत. ही बुद्धी पुस्तकातली नव्हे. ती बाजारातली, चावडीवरची, माणसांतली बुद्धी आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकाच चिचुंद्रीपासून निघालेले हे दोन शब्द. त्यांतले विशेषण पुरुषांच्या वाट्याला गेले आणि दुकानाच्या गादीवर, दरबारात, बँकेत जाऊन बसले. नाम मात्र बायकांच्या वाट्याला आले आणि तिथेच कुजले. ‘श्रू’ म्हणजे कजाग बाई, हाच अर्थ कायम झाला. शेक्सपिअरचे ‘टेमिंग ऑफ द श्रू’ वा. बा. केळकरांनी मराठीत आणले तेव्हा त्यांनी त्याला ‘त्राटिका’ हे नाव दिले, आणि शाहूनगरवासी मंडळीने ते नाटक गाजवले. चिचुंद्रीची राक्षसीण झाली. बाईची सुटका काही झाली नाही.

मोठा कोश मिटताना माझे मन जरा हलके झाले, हे कबूल करतो. म्हणजे आजच्या अर्थाने माझा शब्द बरोबरच होता की! व्यवस्थापकांनी तो दोनशे वर्षांपूर्वीच्या अर्थाने वाचला, तर त्यात माझा काय दोष? पण हे समाधान घरी पोचेपर्यंतही टिकले नाही. ‘श्रूड’ व्यापारी निराळा आणि ‘श्रूड’ रोखपाल निराळा. आपण आपल्या वकिलाला धूर्त म्हणतो तेव्हा त्याची फी देताना हात आखडत नाही. घरगड्याला धूर्त म्हटले की आधी कपाटाची किल्ली चाचपतो. शब्द तोच, पण तो कोणाच्या अंगावर घातला आहे त्यावर त्याचा रंग ठरतो.

असे का व्हावे? बुद्धीला धार असावी असे आपल्याला वाटते, आणि त्याच धारेचे भयही वाटते. आपल्या जुन्या शब्दांत हे भय स्पष्ट दिसते. कुशाग्र म्हणजे दर्भाच्या टोकासारखा. त्याच दर्भावरून ‘कुशल’ हा शब्द आला असे जुने पंडित सांगत. कुशाची पाती धारदार असतात, ती स्वतःचा हात न कापता जो तोडून आणतो तो कुशल. ‘हुशार’ फारसीतून आला. होश असलेला, म्हणजे जागा. इतका निरुपद्रवी शब्द. पण ‘फार हुशारी करू नकोस’ म्हटले की तोही डंख मारतो. ‘शहाणा’ तर विचारूच नका. ‘शहाणं माझं बाळ’ आणि ‘मोठा शहाणाच आहेस!’ यांत नुसत्या आवाजाचा फरक. ‘लबाड’ हा शब्द कोर्टात उच्चारला तर अब्रुनुकसानी आणि पाळण्याशी उच्चारला तर मुका.

इंग्रजांकडे याच्या उलटाही प्रवास झालेला आहे. ‘कनिंग’ हा शब्द मुळात जाणत्याचा, विद्या असलेल्याचा होता. त्याचा आज कपटी झाला. ‘क्राफ्टी’ म्हणजे एके काळी हातात कसब असलेला, तोही बिघडला. एक शब्द चिखलातून निघून सिंहासनावर बसला, दुसरे दोघे सिंहासनावरून चिखलात पडले. जाणतेपणावर लोकांचा विश्वास राहत नाही, आणि यशस्वी कपटावर मात्र हळूहळू बसतो, असाच याचा अर्थ होतो की काय, कोण जाणे.

ज्ञानी माणसांनी यावर तोडगा सांगितलेला नाही असे नाही. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात नुसते चातुर्य आणि शहाणपण असा भेद केला आहे. ठरवलेल्या ठिकाणी पोचण्याची वाट जो अचूक शोधतो तो चतुर. ते ठिकाण चांगले असेल तर त्याचे चातुर्य स्तुत्य, ते वाईट असेल तर तीच लुच्चेगिरी. शहाणपणाला चातुर्य लागतेच. पण चांगुलपणावाचून शहाणपण नाही. वाचायला हे किती स्वच्छ वाटते! मी वर्गात सहावीला आग्र्याहून सुटका शिकवतो तेव्हा हाच नियम लावतो. १६६६ साली महाराजांनी आजाराचे सोंग केले, मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले, पहारेकरी सैलावले, आणि पाखरू उडाले. मुले टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो. ‘कावेबाज’ ही शिवी असलेल्या भाषेत ‘गनिमी कावा’ म्हणताना आपली छाती फुगते, कारण ठिकाण चांगले होते, स्वराज्य होते.

पण सगळीच उदाहरणे इतकी सोपी नसतात. पेशवाईतले साडेतीन शहाणे आपण पाठ करतो. सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे तीन पुरे, आणि नाना फडणीस अर्धा; कारण नानांना तलवार चालवता येत नव्हती. ज्या पुरुषाने नुसत्या अकलेवर पाव शतक मराठी राज्य सावरून धरले तो अर्धा! आणि इंग्रज इतिहासकार त्यांनाच ‘मराठ्यांचा मॅकिआव्हेली’ म्हणत. यांतले कोणते विशेषण खरे म्हणायचे? मला वाटते, नानांकडून मार खाल्लेल्याला एक खरे वाटेल आणि नानांच्या आश्रयाला असलेल्याला दुसरे.

बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाने १९४८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात एक गमतीचा खेळ सांगितला होता. आपण व्याकरणात क्रियापद तिन्ही पुरुषी चालवतो ना, तशी विशेषणे चालवायची. स्वतःला गोड विशेषण, समोर बसलेल्याला किंचित कडू, आणि जो तिथे हजरच नाही त्याला विषारी. फराळ झाल्यावर घरातल्या सर्वांनी खेळून पाहण्यासारखा हा खेळ आहे. मी काटकसरी, तू हिशेबी, तो चिक्कू. मी स्पष्टवक्ता, तू फटकळ, तो उद्धट. मी चाणाक्ष, तू बेरकी, तो लबाड. आमच्या घरी हा खेळ झाला तेव्हा माझी थोरली मुलगी म्हणाली, “बाबा, मी आळशी नाही, मी निवांत आहे,” आणि हा खेळ आपल्यावरच उलटतो हे सर्वांना कळले.

माझ्यावर तो उलटला तो ट्रंकेतली वही हातात असतानाच. मघाशी एक गोष्ट सांगायची मी राखून ठेवली. तो मसुदा वहीच्या उजव्या पानावर होता. डाव्या पानावरही एक शिफारसपत्र होते, आठच दिवस आधीचे. आमच्या गावातल्या डॉक्टरांच्या मुलासाठी, शहरातल्या वसतिगृहाच्या प्रवेशाकरिता लिहिलेले. दोघे एकाच वर्गातले. त्या पत्रात मी लिहिले होते, ‘ही इज इंटेलिजंट अँड एन्टरप्रायझिंग.’ त्या पानावर एकही खाडाखोड नव्हती. त्या मुलासाठी मला कोश उघडावाच लागला नव्हता.

आणि मग मला आठवले. हाच मुलगा सातवीत असताना भूगोलाचे नकाशे रंगवून वर्गातल्या पोरांना दोन-दोन रुपयांना विकायचा. पोरे ते आपल्या नावाने मला दाखवायची आणि मी त्यांवर ‘छान’ असा शेरा मारायचो. प्रकार उघडकीला आला तेव्हा मी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन त्यांना हसत हसत सांगितले, “डॉक्टरसाहेब, चिरंजीव धंद्यात नाव काढणार बरं का!” डॉक्टरांनी मला चहा पाजला.

आता हिशेब करा. एकाने मला लहान लिंबे दिली. भाव मात्र त्याने खरा सांगितला होता, संख्याही खरी होती. पिशवीत डोकावून पाहायला मला कोणी मनाई केली नव्हती. दुसऱ्याने मला वर्षभर फसवले आणि त्याचे पैसेही घेतले. पहिल्याच्या बाबतीत माझ्या हाताला ‘चाणाक्ष’ची, ‘बेरकी’ची, ‘लिंबूशेठ’ची आठवण झाली. दुसऱ्याच्या बाबतीत उद्योगशीलतेची. अ‍ॅरिस्टॉटलला विचारावे तर तो म्हणेल, ठिकाण पाहा. पोत्यावर बसलेल्या बारा वर्षांच्या पोराचे ठिकाण काय होते? बारकी लिंबे उन्हात सुकण्याआधी खपवायची, थोराड लिंबे दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखायची, आणि संध्याकाळी आईच्या चंचीत चार रुपये जास्त पाडायचे. यात उदात्त काही नाही, आणि अधमही मला सापडत नाही. डॉक्टरांच्या मुलाचे ठिकाण काय होते हे मी विचारलेही नाही. विचारायची गरज पडेल अशा घरातला तो नव्हता.

एवढी वर्षे मी समजत आलो होतो की, माझ्या अर्धवट इंग्रजीमुळे एका मुलाचे नुकसान झाले. त्या समजुतीत दुःख होते तसा थोडा आरामही होता. इंग्रजी ही परक्याची भाषा, तिच्यात मॅट्रिक मास्तर चुकणारच. पण त्या दोन पानांकडे एकदम पाहिल्यावर मला शंका आली की, मी चुकलोच नव्हतो. कोशातला तिसरा शब्द मी वाचला होता. मनात जे होते तेच हाताने बरोबर उचलले होते, आणि व्यवस्थापकांनी ते बरोबर वाचले होते. स्टँडवर मी गप्प राहिलो ते इंग्रजीच्या अब्रूसाठी, असे मी वर लिहिले आहे. ते खरे आहे. पण तेवढेच खरे आहे की नाही, हे मला आता सांगता येत नाही.

तो मुलगा पुढे अडला नाही. आज त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. आसपासच्या गावांतली लिंबे, मिरच्या, शेवगा गोळा करून तो वाशीच्या बाजारात नेतो. ‘बघा, झाले ते बऱ्यासाठीच झाले,’ असे कोणी म्हटले तर मला राग येतो. त्याच्या कष्टांनी माझे पाप फिटले असे होत नाही. त्याची मुलगी गेल्या वर्षी पाचवीत, माझ्याच वर्गात होती. एके दिवशी मी फळ्यावर उदाहरण घातले : एका व्यापाऱ्याने ३०० रुपयांना १०० लिंबे घेतली आणि प्रत्येकी ४ रुपयांना विकली, तर नफा किती? सगळ्या वर्गाने १०० रुपये असे सांगितले. ही उभी राहिली.

“गुरुजी, शंभरातली सगळी खपत नाहीत. दहा तरी नासतात. नफा साठच.”

वर्ग हसला. शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाले, “आगाऊ आहे कार्टी.” मुलगा असता तर ते ‘हजरजबाबी’ म्हणाले असते. मला चिचुंद्री आठवली.

सत्र संपताना प्रगतिपुस्तके भरायला घेतली. त्यात ‘विशेष शेरा’ असा अर्ध्या ओळीचा रकाना असतो. मुले चाळीस, मी नेहमी हुशार, कष्टाळू, शांत, अवखळ असे शब्द वाटून टाकतो. तिच्या पुस्तकाशी माझे पेन बराच वेळ अडले. शेवटी मी बारीक अक्षरात लिहिले, ‘हिने फळ्यावरच्या गणितातली माझी चूक दाखवली. तिचे म्हणणे बरोबर होते.’ रकाना पुरला नाही. अक्षरे समासात गेली.

तो बाजाराच्या फेरीवर होता, म्हणून पालकांच्या सभेला आला नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सही करायला घरी आला. दर दिवाळीला तो येतोच, लिंबांची पिशवी घेऊन. त्याने शेरा दोनदा वाचला.

“गुरुजी, हे चांगलं लिवलंय का वाईट?”

“चांगलं लिहिलंय.”

त्याने सही केली. ट्रंक अजून ओसरीवरच उघडी पडली होती. मी वही आणून त्याच्यापुढे ते पान धरले आणि सगळे सांगितले. शब्द, कोश, व्यवस्थापक, स्टँडवरचे माझे ‘हो, हो’. डाव्या पानाचेही सांगितले. तो मान खाली घालून ऐकत होता.

“मला ठावं हुतं गुरुजी,” तो म्हणाला. “सायबांनी तवाच सांगितलं हुतं, तुझ्या गुरुजींनी काय लिवलंय ते.”

“मग चौदा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस?”

“काय इचारायचं? मला वाटलं, तुमी ती लिंबं ध्यानात ठिवलीत.”

सौ.ने आतून चिवड्याची बशी आणली. त्याने चिवडा खाल्ला, चहा घेतला, लक्ष्मीपूजनाच्या झेंडूच्या भावाविषयी थोडे बोलला आणि टेम्पो फाट्यावर उभा आहे म्हणून उठला. तो गेल्यावर सौ.ने पिशवी परातीत ओतली. थोराड, पिवळीधमक, एकसारखी लिंबे. ती मोजायला आम्हां दोघांपैकी कोणीच पुढे झाले नाही.